आरसा आणि साक्ष

चित्रपट हा समाजाचा आरसा आहे, हे वाक्य आपल्याकडे इतक्या व्याख्यानांतून आणि परीक्षणांतून उच्चारले गेले आहे की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. मीही सौंदर्यशास्त्राच्या वर्गात ते अनेक वर्षे निःशंकपणे उच्चारीत आलो. परंतु काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मजजवळ असे काही उद्गार काढले की, तेव्हापासून या वाक्यापाशी आलो म्हणजे माझी जीभ अडखळते. आजचा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्यास द्यावयाच्या, पण वेळेवर न सुचलेल्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

प्रसंग साधाच होता. प्रवीण तरडे यांनी दिग्दर्शित केलेला ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. पुण्यात त्याचा फार बोलबाला झाला, आणि मीही तो पाहून आलो. दुसऱ्या दिवशी वर्गात शोकात्म नाट्याचा विषय चालू होता. उदाहरण ताजे होते, म्हणून मी त्याची बरीच स्तुती केली. जमीन विकून बसलेल्या बापाच्या भूमिकेत मोहन जोशी यांनी दाखविलेली लाचारी, मुलाच्या भूमिकेत ओम भूतकर यांनी दाखविलेला धुमसता संताप, मावळच्या बोलीचा ठसका, या सर्वांविषयी मी मोठ्या रसिकतेने बोललो. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. तो पौडच्या पलीकडील एका खेड्यातला; रोज एसटीने येणारा. म्हणाला, “सर, तुम्हांला चित्रपट आवडला, याचा मला आनंद व्हायला पाहिजे. पण तुम्ही कौतुक करत होता तेव्हा मला राग येत होता. कशाचा राग, ते काही सांगता येत नाही.” मी त्याला कला आणि जीवन यांतील अंतराविषयी पुस्तकातले चार शब्द सांगितले. त्याने आदराने मान हलविली आणि तो निघून गेला. त्याचे समाधान झाले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते.

प्रथम त्या आरशाच्या उपमेकडेच वळू. आरशाचा धर्म असा की, जो त्याच्यासमोर उभा राहील तोच त्यात दिसावा. चित्रपटगृहात तसे घडतेच असे नाही. मुळशीतील शेतकऱ्याचे जीवन पडद्यावर चालले असता समोरच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य मुळशीचा असेल, तर त्याच्यापुरता तो आरसा खरा. पण त्याच खुर्चीवर माझ्यासारखा, पुणे शहरातील पेठेत वाढलेला पगारदार मनुष्य बसला असेल, तर त्याला पडद्यावर दिसते ते स्वतःचे मुख नव्हे. ती दुसऱ्याच्या घराची खिडकी असते. खिडकीतून दुसऱ्याच्या घरात डोकावणे हा सौजन्याचा भाग मानला जात नाही. तेव्हा तिकीट काढून डोकावण्याला आपण रसिकता म्हणतो ती कोणत्या अधिकाराने, असा प्रश्न उत्पन्न होतो. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या रागाचे मूळ बहुधा येथेच कोठेतरी असावे.

याचा अर्थ चित्रपटाने प्रांताचे जीवन दाखवू नये असा मुळीच नाही. आपला चित्रपट मोठा झाला तो तसे दाखविण्यानेच. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ १९२५ साली कोल्हापुरात तयार झाला. नारायण हरी आपटे यांची कथा आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावलेला कुणबी शहराच्या वाटेला लागतो व गिरणीत मजूर होतो, एवढीच ती गोष्ट. पुराणकथांनी भरलेल्या त्या मूकपटांच्या काळात पडद्यावर प्रथमच शेतकऱ्याची फाटकी पैरण दिसली, तेव्हा प्रेक्षकांस काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पुढे १९३६ साली पेंटरांनी तीच कथा बोलपटात सांगितली. त्याच वर्षी दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पुण्यास प्रभातमध्ये तयार झाला. त्यातील देहू सगळे कलागृहात उभे केलेले होते. पण गौरी यांची जिजाई बोलू लागली म्हणजे ते देहू खरे वाटे. प्रांत हा पडद्यावर डोंगर आणि नदी दाखविल्याने येत नाही. बोलण्याच्या ढबीतून, रुसण्याच्या तऱ्हेतून आणि रिकाम्या चुलीपुढील त्राग्यातून येतो, हे त्या चित्रपटाने शिकविले.

अलीकडे आपल्याकडील रसिकांत मलयाळम चित्रपटांची फार वाखाणणी चालते, आणि ती अस्थानी नाही. तेथील उत्तम चित्रपटांत प्रांत हा देखाव्याच्या जागी नसून कारणाच्या जागी असतो. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवरून रामू कार्याट यांनी १९६५ साली केलेला ‘चेम्मीन’ घ्या. समुद्रात गेलेल्या कोळ्याचे प्राण किनाऱ्यावरील पत्नीच्या निष्ठेवर अवलंबून असतात, ही समजूत काढून घेतली तर ती कथा घडूच शकणार नाही. किंवा राजीव रवी यांचा २०१६ सालचा ‘कम्मटिपाडम’ घ्या. कोची शहर वाढत वाढत एका जुन्या वस्तीवर येते. त्या वस्तीतील दलित तरुण जमिनीच्या दलालांचे गुंड बनतात आणि आपल्याच माणसांस उठविण्याच्या कामी वापरले जातात. मुळशीच्या कथेच्या दोन वर्षे आधीची ही कथा. भाषा निराळी, पाऊस निराळा, पण सांगाडा एकच. वाढते शहर खेड्याची जमीन घेते आणि मागे उरलेल्या मुलांचे हात त्याच व्यवहारात राबवून घेते, ही गोष्ट कोणा एका तालुक्याची नाही, एवढे यावरून कळते.

तथापि मुळशीच्या कथेस एक मागचा अंक आहे, आणि तो ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा नीट कळणार नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून भिऱ्याच्या वीजगृहात सोडावयाचे व ती वीज मुंबईस न्यावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. तिच्यासाठी सुमारे पन्नास गावांतील मावळ्यांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी; बापटांस ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते याच लढ्यात. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, मोडला, आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो साक्षेपी इतिहास लिहिला आहे, त्यातील एक गोष्ट पुण्याच्या वाचकांस बोचण्यासारखी आहे. खोऱ्यातील पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. कसणारे कुळ जमीन सोडण्यास तयार नव्हते, पण हे सावकार नुकसानभरपाई घेऊन मोकळे होण्यास उत्सुक होते. म्हणजे सभांतून सत्याग्रहाचा जयजयकार करणारे पुणे, आणि कचेरीत भरपाईचा अर्ज करणारे पुणे, अशी एकाच शहराची दोन रूपे त्या वेळी दिसली.

दुसरा अंक आपल्या डोळ्यांदेखत झाला. हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत उभी राहिली. भूगाव, भुकूम, पिरंगुट, सूस, बावधन, माण, मारुंजी, एकेका गावाची भातखाचरे गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक तर २०२१ साली महानगरपालिकेतच आले. या वेळी सर्वत्र सरकारी सक्ती नव्हती. वसाहतीपुरते भूसंपादन सोडले तर बहुतेक व्यवहार खुषीचे म्हणूनच नोंदले गेले. एकराचे चाळीस गुंठे पाडून विकणाऱ्या माणसास शहराने ‘गुंठामंत्री’ असे कुचेष्टेचे नाव दिले. त्याच्या गळ्यातील सोन्याची साखळी, त्याची मोठी मोटार, आणि चार-पाच वर्षांत संपलेला पैसा, हा आपल्या बैठकीतील करमणुकीचा विषय झाला. जमीन हे त्याचे उत्पन्नाचे साधन असून आपण त्यास मिळालेली रक्कम ही त्याची मिळकत समजत होतो. वस्तुतः ते भांडवल विकून खाणे होते, आणि भांडवल कसे सांभाळावे हे शिकविण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. १९२१ साली ‘जान किंवा जमीन’ म्हणणाऱ्यांच्या नातवापणतवांनी जमीन दिली, आणि त्यांतील कित्येकांच्या मुलांना जान द्यावी लागली.

‘मुळशी पॅटर्न’ने हा दुसरा अंक पडद्यावर आणला, यातच त्याचे मोठे मोल आहे. दिग्दर्शक त्याच तालुक्याचा असल्यामुळे त्याने परक्याची कीव आणलेली नाही. एके काळी गावात मान असलेला सखाराम जमीन विकतो, पैसा उडवितो, राखणदारी आणि हमाली करण्याच्या पाळीला येतो. त्याचा अपमान डोळ्यांनी पाहिलेला मुलगा गुंडांच्या टोळीत शिरतो. बाप दोषी आहे, हे चित्रपट लपवीत नाही. पण तो एकटाच दोषी आहे असेही म्हणू देत नाही. याच कथेवर १९२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०२१ साली, ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा प्रकाशाचा झोत एका नामवंत नटाने केलेल्या पोलीस अधिकाऱ्यावर वळला. कथा बहुतांशी तीच राहिली. पण ‘हे का घडले’ या प्रश्नापेक्षा ‘याचा बंदोबस्त कोण करणार’ हा प्रश्न मोठा झाला. प्रांत कारणाच्या जागेवरून देखाव्याच्या जागी गेला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

मूळ मराठी चित्रपटही निर्दोष नाही, हे सांगितलेच पाहिजे. हिंसेचा धिक्कार करण्यासाठी हिंसा इतकी डौलदार करून दाखविली की, धिक्कार बाजूस राहून डौल तेवढा लक्षात राहावा, ही चूक त्याच्या हातून झाली आहे. त्यातील एक गाणे वराती-मिरवणुकींतून वर्षानुवर्षे वाजत राहिले. त्याच्या तालावर नाचणाऱ्या किती मुलांना सखारामाची आठवण होत असेल, कोण जाणे. पुढे पुढे वृत्तपत्रांतून कोठेही टोळीयुद्धात खून झाला की त्यास ‘मुळशी पॅटर्न’ म्हणण्याची रूढी पडली. ज्या तालुक्याचे नाव शंभर वर्षांपूर्वी सत्याग्रहाचे नाव म्हणून देशभर गेले, तेच आता कोयत्याचे नाव झाले! शिवाय स्त्रिया या कथेत बाजूलाच उभ्या आहेत. पावसाळ्याआधी राब भाजल्यावर, गुडघाभर चिखलात आवणाची लावणी जिने जन्मभर केली, तिला खाचर गेल्यावर काय वाटले, हे विचारण्यास कॅमेरा थांबत नाही. साक्षीदार खरा असला तरी त्याने सर्वच पाहिलेले असते असे नाही.

मी येथे ‘साक्षीदार’ हा शब्द जाणूनबुजून वापरला. आरशापेक्षा ही उपमा मला अधिक यथार्थ वाटते. साक्ष ही कोणापुढे तरी दिली जाते, आणि ऐकणाराकडून काहीतरी मागते. न्यायासनावर बसलेल्याने साक्ष ऐकून ‘वा! काय सुरेख बोलला!’ असे म्हणावे व घरी जाऊन जेवावे, हे आपणांस विपरीत वाटेल. माझ्या वर्गात मी नेमके तेच केले होते. आणि प्रकरण याहूनही अवघड आहे. कारण या खटल्यात मी न्यायासनावर तरी बसू शकतो काय, की माझी जागा पिंजऱ्याच्या अधिक जवळ आहे, हाच मुळी प्रश्न आहे.

येथे आपल्या साहित्यशास्त्रातील एका थोर सिद्धांताशी गाठ पडते. करुण रसाने आनंद का व्हावा, याचे उत्तर भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ या कल्पनेने दिले. रंगभूमीवरील दुःख हे अमक्याचे, माझे, शत्रूचे किंवा मित्राचे असे राहत नाही. व्यक्तीचे संबंध गळून पडतात आणि उरतो तो सर्वसामान्य भाव, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. सीतेचे दुःख किंवा दुष्यंताने नाकारलेल्या शकुंतलेचे दुःख आपण असेच अनुभवतो, व त्यात गैर काही नाही. पण सखारामाच्या दुःखाचे साधारणीकरण होऊ लागले, की त्याबरोबर जबाबदारीचेही साधारणीकरण होऊन जाते. ‘मनुष्याची दैना किती!’ असे म्हणून मी हळहळतो, आणि त्या सर्वव्यापी ‘मनुष्या’च्या आड त्याची जमीन आणि तिच्यावरचा माझा मजला, ही दोन्ही दिसेनाशी होतात. जे व्यक्तिगत संबंध गळून पडावेत असे शास्त्र म्हणते, ते संबंधच येथे सत्य आहेत. कोचीच्या वस्तीची कथा पाहताना मला जी निर्वेध रसनिष्पत्ती होते, ती मुळशीची पाहताना होऊ नये. झाली, तर दोष चित्रपटाचा नसून माझा समजावा.

याच प्रश्नावर नरसिंह चिंतामण केळकर यांनी बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली होती. तेही साल १९२१. इकडे मुळशीत सत्याग्रह आणि तिकडे बडोद्यास रसचर्चा, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटत आला, आता तो तितकासा मौजेचा वाटत नाही. केळकरांचे म्हणणे थोडक्यात असे की, वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो खरा, परंतु स्वतःची भूमिका सोडीत नाही. एकाच वेळी तो स्वतःही असतो आणि दुसराही असतो, आणि आनंद या दुहेरीपणात आहे. आनंदाची उपपत्ती म्हणून ही पुरी पडते की नाही याविषयी पंडितांत वाद झाले, ते असोत. मला मात्र तीत आनंदाहून वेगळी अशी एक नीतीची दिशा दिसते. सखारामाच्या जागी मी स्वतःला पूर्णपणे विसरून गेलो, तर दोन तास रडून हलका होईन, आणि दिवे लागताच पूर्वीसारखा कोरडा बाहेर पडेन. त्याच्यात शिरलोच नाही, तर तो मला गुंठामंत्रीच वाटत राहील. पण मी त्याच्याबरोबर हमालीचे पोते उचलीत असता, त्याच क्षणी ‘मी तो जमीन घेणाराही आहे’ ही जाणीव जागी राहिली, तर मात्र चित्रपटाने आपले काम केले असे म्हणता येईल. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाकडे येतो. ती समाधी मोडण्याचीच युक्ती आहे: इतका वेळ तू माझ्या बाजूने होतास असे तुला वाटत होते, आता पाहा, तू कोठे बसला आहेस.

मी कोठे बसलो आहे, हे पाहण्याचा प्रसंग माझ्यावरही आला. मुळशी तालुक्यातच, भूगावच्या हद्दीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. नोकरीच्या उमेदीत कर्ज काढून घेतलेली जागा. कोणाचे काही लुबाडले असे मला कधी वाटले नव्हते, व आजही वाटत नाही. त्या विद्यार्थ्याच्या बोलण्यानंतर एके रात्री कपाटातील कागदांची फाईल मी काढली. खरेदीखत, वकिलाने दिलेला मालकीहक्काचा दाखला, बिगरशेतीचा हुकूम. आणि सर्वांत खाली, मी कधीच न वाचलेला, जुना सातबारा. त्यावर एका बापाचे व चार मुलांचे नाव होते. मागे जोडलेल्या हक्कसोडपत्रावर दोन बहिणींचे अंगठे होते. मोबदल्याच्या जागी काही लिहिलेले नव्हते. जमिनीची जी एकूण किंमत लिहिली होती, तीत आज त्याच जागेवरील माझ्या सदनिकेची एक खोलीही आली नसती. आणि पिकाच्या रकान्यात तलाठ्याच्या घाईच्या अक्षरात एकच शब्द होता: भात. ज्या खोलीत बसून मी करुण रसावरची टिपणे काढीत असे, ती खोली कोणाच्या तरी खाचरावर, जमिनीपासून तीस हात उंच, अधांतरी उभी आहे, ही गोष्ट मला वीस वर्षांत प्रथमच कळली.

आता येथे असा आक्षेप घेण्यात येईल, आणि तो मीही स्वतःवर घेतला आहे, की विकणाराने खुषीने विकले, घेणाराने ठरलेली किंमत दिली, मध्ये कायदा होता. मग ही नसती टोचणी कशासाठी? शिवाय जमीन न विकता भात पिकवीत बसावे, असा उपदेश शहरातील माणसाने करणे हा तर निव्वळ दांभिकपणा. हा आक्षेप बळकट आहे. शेतकऱ्याला शेतातून बाहेर पडण्याचा पुरा हक्क आहे, आणि खाचरातील दारिद्र्याचे गोडवे गाणे हे ते न सोसलेल्याचेच काम. परंतु अपराध आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्ववेत्त्याने आपल्या देशबांधवांपुढे हाच भेद मांडला: न्यायालयात सिद्ध होणारा गुन्हा निराळा, आणि ज्या व्यवस्थेत आपण राहतो व जिचा लाभ घेतो तिच्या कृत्यांचे दायित्व निराळे. आपले उदाहरण त्या भयंकर उदाहरणाच्या पासंगालाही पुरणार नाही. पण भेद येथेही लागू पडतो. मी चोर नाही. पण लाभार्थी आहे. चोराने माल परत करावयाचा असतो. लाभार्थ्याने काय करावयाचे, याचे उत्तर सोपे नाही, आणि सोपे नाही म्हणून ते टाळण्याची सवय आपल्या वर्गाला लागली आहे.

मोठे उत्तर मजजवळ नाही. लहान उत्तरे आहेत, ती सांगतो. पहिले असे की, ‘पैसा मिळाला आणि उधळला’ हे वाक्य मी माझ्या घरात बोलू देत नाही. ते असत्य आहे म्हणून नव्हे, तर ते अर्धेच सत्य असून उरलेल्या अर्ध्यात आपण आहोत म्हणून. दुसरे असे की, आमच्या इमारतीच्या फाटकावर रखवालदार नेमण्याची चर्चा निघाली, आणि ‘गावातला नको, तो दादागिरी करील’ असे एकमत होऊ लागले, तेव्हा मी उठून विरोध केला. एका मताने हरलो, पण गावातल्या मुलाची भीती वाटण्याआधी त्याचे आडनाव आपल्या सातबाऱ्यावर आहे काय हे पाहावे, एवढे तरी बोलता आले. तिसरे असे की, वर्गात यापुढे मी ज्या प्रांताची कथा शिकवितो, त्या प्रांतातील कोणी समोर बसला असेल तर प्रथम त्याला बोलू देतो. या तीन गोष्टींनी कोणाचे खाचर परत येणार नाही. पण चित्रपट पाहून येणारे अश्रू आणि प्रत्यक्ष वर्तन यांच्यामधील अंतर थोडे कमी झाले, तर कलेकडून याहून अधिक अपेक्षा मी करीत नाही.

एके काळी प्रभातने ‘शेजारी’ नावाचा चित्रपट काढला होता. साल १९४१, गावात धरण येते, त्या धरणाच्या व्यवहारातून दोन जिवलग शेजाऱ्यांत, एक हिंदू आणि एक मुसलमान, वैर उत्पन्न होते, आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकत्र मरतात. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांच्या त्या भूमिका जुनी माणसे अजून आठवणीने सांगत. तो चित्रपट हिंदु-मुसलमानांच्या ऐक्यासाठी काढला होता, हे उघड आहे. पण आज मुळशीत बसून त्याचा विचार करताना मला त्याचे नावच अधिक अर्थपूर्ण वाटते. शेजारी म्हणजे ज्याच्या सुखदुःखाला आपण केवळ प्रेक्षक म्हणून राहू शकत नाही असा मनुष्य. चित्रपटगृहात आपण प्रेक्षक असतो. बाहेर पडल्यावर आपण शेजारी असतो. माझ्या विद्यार्थ्याला राग आला तो याचा, की मी बाहेर आल्यावरही प्रेक्षकच राहिलो होतो.

तो विद्यार्थी आता कोठे असतो, मला माहीत नाही. भेटला, तर त्याला माझे हे लांबलेले उत्तर सांगावे असे मनात आहे. पण त्याहीपूर्वी, त्याचे खाचर अजून त्याच्याकडे आहे काय, हे विचारीन.